‘द मूनस्टोन’ पहिल्यांदा वाचताना: रहस्यप्रेमी वाचकांसाठी मार्गदर्शक

जुन्या इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्यांपैकी एकच वाचायची असेल तर ती विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ असावी, असे माझे ठाम मत आहे. ४ जानेवारी १८६८ पासून त्याच वर्षीच्या ८ ऑगस्टपर्यंत ती चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात बत्तीस हप्त्यांत छापली गेली आणि शेवटचे हप्ते यायचे असतानाच तीन खंडांत पुस्तकरूपानेही निघाली. टी. एस. इलियट यांनी तिला आधुनिक इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्यांतली पहिली, सर्वांत लांब आणि सर्वांत उत्तम म्हटले आहे. त्यातले ‘पहिली’ हे विशेषण वादाचे आहे, कारण एडगर अ‍ॅलन पो यांची गुप्तहेर कथा १८४१ मध्येच आली होती आणि फ्रान्समध्ये एमिल गाबोरियो यांची कादंबरी १८६६ साली गाजत होती. तरीही बाहेरून आलेला निष्णात तपासनीस, गोंधळ घालणारा स्थानिक पोलीस अधिकारी, एका घरात अडकलेले संशयित आणि वाचकासमोर उघड मांडलेले पुरावे ही सगळी सामग्री एका दीर्घ कादंबरीत इतक्या नेमकेपणाने एकत्र आलेली त्याआधी क्वचितच दिसते.

अडचण अशी आहे की, ही कादंबरी सुचवली की बरेच जण ती उत्साहाने हाती घेतात आणि शंभरेक पानांनंतर खाली ठेवतात. काहींच्या हाती संक्षिप्त आवृत्ती पडते, तर काहींना प्रस्तावनेतच गुन्ह्याचा उलगडा वाचायला मिळतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झटपट सुरू होणाऱ्या कथांवर किंवा अगाथा ख्रिस्तींच्या आटोपशीर कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाला तिची चाल सुरुवातीला संथ वाटते. या वाटेवर कुठे थांबायचे, कुठे लक्ष द्यायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी कळले तर तिचा पूर्ण आनंद मिळतो. त्यासाठी हा लेख आहे. यात काही निवेदकांची नावे सोडली तर चोरीनंतरच्या सुरुवातीच्या तपासापलीकडचे काहीही उघड केलेले नाही, त्यामुळे नवख्या वाचकांनी तो निर्धास्तपणे वाचावा.

१. प्रत निवडताना पूर्ण आवृत्तीच घ्या

लेखकाचे निधन १८८९ साली झाले असल्यामुळे मूळ इंग्रजी मजकुरावर आता कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर तो विनामूल्य मिळतो आणि ‘लिब्रिव्हॉक्स’वर स्वयंसेवकांनी केलेले वाचनही ऐकता येते. छापील प्रत हवी असेल तर ‘पेंग्विन क्लासिक्स’ किंवा ‘ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स’ या मालिकांतली प्रत घ्यावी, कारण तिच्या तळटिपांचा खरोखर उपयोग होतो.

शाळकरी मुलांसाठी सोप्या केलेल्या आणि कापलेल्या अनेक आवृत्त्या याच नावाने विकल्या जातात आणि मुखपृष्ठावर तसे ठळकपणे लिहिलेले असतेच असे नाही. पूर्ण आवृत्ती साधारण पाचशे पानांची असते, तिच्या आरंभी श्रीरंगपट्टणमच्या लढाईचा प्रसंग असतो आणि पहिल्या भागात तेवीस प्रकरणे असतात. यातली एखादी खूण जुळत नसेल तर ती प्रत घेऊ नका. कापलेल्या आवृत्तीत नेमके जे संवाद ‘अनावश्यक’ म्हणून वगळले जातात, त्यांतच या कादंबरीचे पुरावे दडलेले आहेत.

२. काय वाचायचे नाही, ते आधी ठरवा

ही पायरी मी मुद्दाम इतकी आधी घेतली आहे. दीडशेहून अधिक वर्षे जुन्या कादंबरीचा शेवट सर्वांना ठाऊकच असणार असे गृहीत धरून अभ्यासक लिहितात, त्यामुळे पुढील गोष्टी वाचन पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवाव्यात.

संपादकाची प्रस्तावना सर्वांत धोक्याची असते, कारण तिच्यात कथानकाचा उलगडा बहुधा असतोच. विश्वकोशातली किंवा महाजालावरची कादंबरीविषयीची नोंद उघडू नका, कारण गुन्हेगाराचे नाव तिथे अगदी सहज सांगून टाकलेले असते. बीबीसीने या कादंबरीवर केलेली दूरचित्रवाणी रूपांतरे नंतर अवश्य पाहावीत, आधी पाहू नयेत. लेखकाचे सविस्तर चरित्रही तूर्त नको.

स्वतः कॉलिन्स यांनी १८६८ साली लिहिलेली छोटी प्रस्तावनासुद्धा शेवटासाठी राखून ठेवा, ही सूचना अनेकांना चमत्कारिक वाटेल. लेखकाने तिथे अखेरच्या भागातल्या एका महत्त्वाच्या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. त्या काळच्या हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्याला त्याने फरक पडला नसेल, पण आजचा चाणाक्ष वाचक त्या एका वाक्यावरून फार पुढचा अंदाज बांधू शकतो. तसेच अनुक्रमणिका चाळू नका, कारण पुढे कोण कोण बोलणार आहे हे तिथे दिसते आणि उपसंहाराचे शीर्षकही बरेच काही सांगून जाते. इलेक्ट्रॉनिक प्रत वाचत असाल तर ती थेट ‘श्रीरंगपट्टणमचा वेढा’ या आरंभीच्या प्रसंगावर उघडा.

३. जवळ ठेवायचे साहित्य

एक साधी वही आणि पेन लागेल. वहीची पहिली दोन पाने घरातल्या माणसांसाठी ठेवा आणि पुढची दोन २१ जून १८४८ च्या रात्रीच्या वेळापत्रकासाठी. बाकीची वही निवेदकानुसार विभागायची आहे, त्याविषयी पुढे सांगतो. मोबाईलवर इंग्रजी-मराठी शब्दकोश असू द्यावा, पण प्रत्येक शब्दाला थांबू नये. कॉलिन्स यांची इंग्रजी डिकन्सपेक्षा सरळ आहे आणि बहुतेक शब्द संदर्भाने कळतात. न्यायालय, मृत्युपत्र आणि पालकत्व यांविषयीचे शब्द मात्र पाहून घ्यावेत, कारण कथानकाचा काही भाग त्यांवर उभा आहे. कॉलिन्स स्वतः १८५१ साली बॅरिस्टर झाले होते. त्यांनी प्रत्यक्ष वकिली केली नाही, पण त्या शिक्षणाची छाप कादंबरीच्या रचनेवर स्पष्ट दिसते.

४. श्रीरंगपट्टणमचा प्रसंग दोनदा वाचा

आरंभीचा प्रसंग फक्त काही पानांचा आहे आणि घाईत वाचला तर तो साहसकथेचा मुखडा वाटतो. ४ मे १७९९ रोजी इंग्रज फौजांनी श्रीरंगपट्टणम जिंकले, टिपू सुलतान मारला गेला आणि शहरात लूट सुरू झाली, हा इतिहास आहे. जनरल बेअर्ड यांनी लुटीविरुद्ध हुकूम काढलेला असताना जॉन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी शस्त्रागारात रक्ताळलेली कट्यार हातात घेऊन उभा असलेला त्याच्या चुलतभावाला दिसतो, ही कादंबरी आहे. त्या कट्यारीच्या मुठीत पिवळा हिरा, म्हणजेच ‘मूनस्टोन’, बसवलेला असतो आणि शेजारी पडलेला मरणोन्मुख भारतीय त्या हिऱ्याच्या सूडाचा शाप उच्चारतो.

इथे खरे लक्ष द्यायचे ते चुलतभाऊ हा प्रसंग कसा सांगतो याकडे. हर्नकॅसलनेच खून केला अशी त्याची मनोमन खात्री आहे, तरीही तो स्पष्ट लिहितो की, दाराशी पडलेल्या दोघांविषयी आपल्याकडे पुरावा नाही आणि आतल्या तिसऱ्याचा घात होतानाही आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. खात्री असणे आणि शपथेवर सांगता येणे या दोहोंत त्याने काटेकोर भेद केला आहे. सबंध कादंबरीचा कायदा लेखकाने या पहिल्या चार-पाच पानांतच घालून दिला आहे आणि पुढे प्रत्येक निवेदकाला तो याच कसोटीवर घासून पाहतो. म्हणूनच हा प्रसंग दोनदा वाचा असे मी आग्रहाने सांगतो.

या प्रसंगाला इतिहासाची जी पार्श्वभूमी आहे, ती मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा अधिक जवळची आहे. हिऱ्याची दंतकथा सोमनाथपासून सुरू होते, गझनीच्या महमुदाच्या स्वारीतून वाचवून तो काशीला नेला जातो, औरंगजेबाच्या काळात पुन्हा हरवतो आणि अनेक हातांतून फिरत टिपूकडे येतो. सोमनाथ हे शंकराचे ज्योतिर्लिंग आहे, तर कॉलिन्स तिथे चार हातांच्या चंद्रदेवतेची मूर्ती बसवतात. चंद्राने तिथे शंकराची आराधना केल्याची कथा आपल्याला ठाऊक असल्यामुळे ही सरमिसळ कुठून आली असावी याचा अंदाज येतो, पण तपशिलाच्या अचूकतेची अपेक्षा ठेवू नये. अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली सोमनाथला मूळ स्थानाजवळ मंदिर बांधले होते, म्हणजे श्रीरंगपट्टणम पडले तेव्हा तिथे पूजाअर्चा चालू होती, हेही लक्षात ठेवावे. इंग्लंडमधल्या सामान्य वाचकाला सोमनाथ हे नाव माहीत होते ते बहुधा १८४२ च्या प्रकरणामुळे. त्या वर्षी गव्हर्नर जनरल एलनबरो यांनी गझनीहून ‘सोमनाथचे दरवाजे’ परत आणल्याचा गाजावाजा केला होता आणि पुढे ते दरवाजे सोमनाथचे नव्हेतच असे निष्पन्न झाले.

कादंबरीतला मुख्य काळ १८४८ ते १८५० हा आहे. याच काळात, १८४९ साली, लाहोरच्या तहाने कोहिनूर इंग्रजांकडे गेला. लुटून नेलेल्या रत्नाचा हक्कदार कोण, हा प्रश्न त्यामुळे या कथेत पहिल्या पानापासून उभा राहतो. १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनी, इंग्लंडमध्ये हिंदुस्थानाविषयीचा राग ताजा असताना, कॉलिन्स यांनी कथेतली पहिली चोरी इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून घडवली, हे मला आजही फार धाडसाचे वाटते.

५. पहिली दहा प्रकरणे बेटरेजच्या गतीने वाचा

बहुतेक वाचक हरवतात ते इथे. यॉर्कशरच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या व्हेरिंडर घराण्याचा वृद्ध कारभारी गॅब्रिएल बेटरेज कथा सांगू लागतो आणि चोरी उघडकीला येते ती थेट अकराव्या प्रकरणात. तोवर तो स्वतःच्या लग्नाविषयी बोलतो, मुलगी पेनेलपीविषयी बोलतो आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’विषयी तर पुनःपुन्हा बोलतो. या पुस्तकाच्या सहा प्रती त्याने वाचून वाचून झिजवल्या आहेत आणि सातवी मालकिणीने स्वतःच्या वाढदिवसाला त्याला दिली आहे. अडचण आली की, आपल्याकडे कोणी पोथी उघडून कौल घ्यावा तसा तो हे पुस्तक उघडतो आणि समोर आलेल्या ओळीत स्वतःच्या परिस्थितीचे उत्तर शोधतो. घर सांभाळणाऱ्या बाईला दर आठवड्याला पगार द्यावा लागतो आणि लग्न केले की तो वाचतो, असा हिशेब करून आपण लग्न केले, हेही तो निःसंकोच सांगतो.

हे सगळे पाल्हाळ आहे असे समजून पाने उलटू नका. या गप्पांच्या ओघातच घरात कोण कधी आले, कोणाचे कोणाशी बिनसले, कोणत्या खोलीचा दरवाजा कुठे उघडतो आणि हिरा कोणत्या कपाटात ठेवला गेला, हे सर्व सांगून होते. मालकिणीची मुलगी रेचल व्हेरिंडर हिला मामा हर्नकॅसलच्या मृत्युपत्रानुसार अठराव्या वाढदिवशी मिळालेला हिरा तिच्या बैठकीच्या खोलीतल्या भारतीय कपाटात ठेवला जातो आणि त्या कपाटाला कुलूप नसते, ही गोष्ट वहीत लिहून ठेवा. बेटरेज अप्रामाणिक नाही, पण मालकिणीवर आणि तिच्या मुलीवर त्याचा इतका जीव आहे की, त्यांच्याविषयी वाईट शंका घेणे त्याला जमत नाही. हा त्याचा दोष म्हणा किंवा गुण म्हणा, त्याचे प्रत्येक मत या निष्ठेतून गाळून आलेले आहे.

दहाव्या प्रकरणातल्या वाढदिवसाच्या जेवणावर विशेष वेळ द्या. वरवर पाहता ती एक फसलेली मेजवानी आहे, जिथे प्रत्येक पाहुणा नको तिथे नको ते बोलतो. जेवायला कोण कोण होते आणि कोणाचे कोणाशी काय बोलणे झाले, याची यादी करा. कोणता संवाद महत्त्वाचा आणि कोणता निव्वळ विनोदासाठी, हे मी सांगणार नाही.

हप्त्यांचा जमाना लक्षात घेऊन एका बैठकीत तीन-चार प्रकरणांपेक्षा जास्त वाचू नये, असेही सुचवेन. कॉलिन्स यांनी प्रकरणांच्या शेवटी ठेवलेल्या कलाटण्यांवर विचार करायला मध्ये वेळ गेला पाहिजे. सलग वाचून काढणाऱ्याच्या हातून त्या निसटतात.

६. रंगाच्या डागापाशी थांबा आणि स्वतः हिशेब करा

बारावे प्रकरण गुप्तहेर कथेच्या इतिहासातले एक सोनेरी प्रकरण आहे. स्थानिक सुपरिंटेंडेंट सीग्रेव्ह यांनी नोकरांच्या खोल्यांची झडती घेऊन आणि सगळ्यांना दुखवून झाल्यावर लंडनहून सार्जंट कफ येतात. काळे कपडे, कुऱ्हाडीसारखा धारदार चेहरा असलेला हा सडपातळ वयस्क माणूस आल्याआल्या चोरीविषयी बोलण्याऐवजी बागेतल्या गुलाबांविषयी आणि वाटा गवताच्या असाव्यात की खडीच्या याविषयी माळ्याशी वाद घालतो. मग तो रेचलच्या खोलीत जातो आणि नव्याने रंगवलेल्या दरवाजावर कुलपाखाली पुसटलेला एक लहानसा डाग त्याला दिसतो.

सीग्रेव्ह यांच्या मते ती क्षुल्लक बाब आहे. सकाळी अकरा वाजता खोलीत गर्दी केलेल्या मोलकरणींच्या झग्यांनी तो रंग पुसला गेला, असे ते सांगतात. आपल्या सगळ्या नोकरीत क्षुल्लक म्हणावी अशी एकही गोष्ट आपल्याला कधी भेटलेली नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन कफ चौकशी सुरू करतो. इथे पुस्तक मिटून तुम्ही स्वतः हिशेब करावा. दरवाजाचा तो भाग बुधवारी दुपारी तीनपर्यंत रंगवून झाला होता. त्या रंगाला वाळायला बारा तास लागतात, म्हणजे तो गुरुवारी पहाटे तीनला वाळला. सकाळी अकराला मोलकरणी आल्या तेव्हा रंग वाळून आठ तास झाले होते, मग त्यांच्या झग्यांनी तो पुसला कसा? पेनेलपीने रात्री बारा वाजता दरवाजा पाहिला तेव्हा डाग नव्हता. म्हणजे डाग पडला तो रात्री बारा ते पहाटे तीन या वेळात आणि ज्याच्या कपड्याला तो रंग लागला तो माणूस त्या वेळी त्या दारातून गेला होता.

यानंतर कफ तीन प्रश्न मांडतो: रंग लागलेला कपडा कोणता, तो कोणाचा, आणि ती व्यक्ती त्या वेळी तिथे का होती. हे तीन प्रश्न वहीच्या एका स्वतंत्र पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. उरलेली जवळजवळ चारशे पाने या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत आणि लेखकाने शेवटपर्यंत त्यांच्याशी प्रतारणा केलेली नाही. पुढच्या काळातल्या गुप्तहेर कथांतले वेळेचे हिशेब कितीतरी अधिक गुंतागुंतीचे झाले, पण इतक्या साध्या वजाबाकीतून इतका मोठा निष्कर्ष निघताना पाहण्याचे समाधान मला फार थोड्या ठिकाणी मिळाले आहे.

एक सावधगिरी इथेच बाळगा. कफची बुद्धिमत्ता पाहून त्याच्या प्रत्येक मताला शिक्कामोर्तब करू नका. त्याने पाहिलेले काय आणि त्यावरून त्याने तर्काने काढलेले काय, यांचे दोन वेगळे रकाने करा. हे पात्र घडवताना कॉलिन्स यांच्यासमोर लंडन पोलिसांचे खरेखुरे तपासनीस जोनाथन व्हिचर होते असे मानले जाते. १८६० सालच्या रोड हिल हाउस खून प्रकरणात व्हिचर यांनी घरातल्याच व्यक्तीवर संशय घेतला, म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ संपली. १८६५ मध्ये त्या व्यक्तीने कबुली दिली, तेव्हा त्यांचा तर्क बरोबर ठरला. प्रतिष्ठित घरात पोलिसाने पाऊल टाकणे हेच त्या काळात किती अप्रिय होते, हे या प्रकरणावरून समजते आणि कादंबरीतल्या माणसांचे अडेल वागणेही कळू लागते.

७. निवेदक बदलला की वहीचे पान बदला

रेचलचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक आणि घराण्याचे वकील मॅथ्यू ब्रफ यांनी ठरवल्याप्रमाणे प्रत्येक जण स्वतः अनुभवले तेवढेच लिहितो, पुढे काय झाले हे ठाऊक असले तरी त्याची वाच्यता करत नाही. म्हणून ही कादंबरी साक्षी नोंदवून घेणाऱ्या न्यायाधीशाच्या भूमिकेतून वाचावी. प्रत्येक निवेदकासाठी वहीत तीन ओळी लिहाव्यात: याने स्वतः काय पाहिले, याला कोणाविषयी प्रेम किंवा आकस आहे, आणि याला काय सांगायला अवघड जाते आहे.

बेटरेजनंतर मिस क्लॅक बोलू लागते, तेव्हा हा नियम सर्वांत उपयोगी पडतो. ही धर्मपत्रिका वाटत फिरणारी, स्वतःला अत्यंत नम्र समजणारी नातेवाईक आहे. आजारी माणसाच्या उशाशी, सोफ्याच्या गाद्यांखाली आणि फुलांच्या कुंड्यांजवळ ती पत्रिका दडवून ठेवते. तिचा राग येईल आणि तो यावा अशीच लेखकाची इच्छा आहे. पण तिला ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींची बारीक नोंद ठेवायची सवय आहे, त्यामुळे तिचे निष्कर्ष बाजूला काढले की खाली निखळ पुरावा उरतो. तिच्या आठ प्रकरणांना कंटाळून पुढे उडी मारणे ही दुसरी मोठी चूक आहे, आणि पहिल्या दहा प्रकरणांइतक्याच वाचकांकडून ती घडते. वकील ब्रफ यांची तीन प्रकरणे त्यानंतर थंड पाण्यासारखी वाटतात.

८. तीन भारतीयांकडे कसे पाहावे

वाढदिवसाच्या आधीपासून घराभोवती तीन भारतीय जादूगार एका इंग्रज मुलासह दिसू लागतात. नोकरवर्ग त्यांच्याविषयी बोलतो ती भाषा आज खटकते आणि ती खटकणे योग्यच आहे. ती त्या माणसांची भाषा आहे, हे लक्षात ठेवून पुढे जा आणि हिंदुस्थानात दीर्घकाळ फिरलेला प्रवासी मर्थवेट त्यांच्याविषयी काय सांगतो ते जपून वाचा. ते खरे जादूगार नाहीत, उच्चवर्णीय ब्राह्मण आहेत, आणि समुद्र ओलांडून व हे सोंग घेऊन त्यांनी स्वतःच्या जातीवर पाणी सोडले आहे, हे मर्थवेटला ओळखता येते. परदेशगमनासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागण्याच्या गोष्टी आपल्या घराण्यांतून ऐकलेल्या वाचकाला या त्यागाचे वजन कोणत्याही तळटिपेशिवाय कळेल. वहीत त्यांच्यासाठीही स्वतंत्र पान असू द्या आणि संशयितांच्या यादीत त्यांना घालताना वा वगळताना तोच पुराव्याचा नियम लावा.

रोझॅना स्पीअरमन या मोलकरणीसाठीही असेच एक पान ठेवा. पूर्वी चोरीसाठी शिक्षा भोगलेली, एकटी पडलेली ही मुलगी किनाऱ्यावरच्या, भरती-ओहोटीच्या वळणावर थरथरणाऱ्या आणि पाय गिळणाऱ्या वाळूपाशी जाऊन बसते. तिच्याविषयी याहून अधिक सांगणे अन्यायाचे होईल.

९. फ्रँकलिन ब्लेकच्या निवेदनाआधी आपला निकाल लिहा

दुसऱ्या भागात ब्रफ यांची साक्ष संपली की थांबा. चोर कोण, त्याने हिरा कसा नेला आणि रेचलचे वागणे असे का, या तिन्ही प्रश्नांना तुमची उत्तरे वहीत लिहा. रंगाच्या डागापाशी लिहिलेले कफचे तीन प्रश्नही पुन्हा पाहा आणि तुमची उत्तरे त्यांच्याशी जुळतात का ते तपासा. जुळत नसतील तर कुठल्या साक्षीदाराचे म्हणणे तुम्ही न तपासता मान्य केले, ते शोधा. यासाठी एखादा दिवस गेला तरी चालेल. पुढच्या निवेदनापासून वेग इतका वाढतो की, पुन्हा अशी उसंत मिळत नाही आणि आपण काय विचार केला होता हेही आठवत नाही.

१०. वाचून झाल्यावर

आता बाजूला ठेवलेल्या प्रस्तावना वाचा. १८६८ ची प्रस्तावना आधी वाचा आणि १८७१ च्या आवृत्तीची नंतर. दुसऱ्या प्रस्तावनेत कॉलिन्स यांनी सांगितले आहे की, ही कादंबरी हप्त्यांत चालू असताना त्यांची आई मृत्युशय्येवर होती आणि ते स्वतः संधिवाताच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळले होते, तरीही दर आठवड्याचा हप्ता त्यांनी चुकू दिला नाही. मिस क्लॅकची हसवणारी प्रकरणे अशा दिवसांच्या आगेमागे लिहिली गेली, हे कळल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी पूर्ण बदलली.

त्यानंतर सहा ते अकरा ही प्रकरणे पुन्हा वाचा. हे दुसरे वाचन मी ऐच्छिक मानत नाही. उत्तर ठाऊक असताना तीच पाने वाचली की, लेखकाने किती वेळा खरे उत्तर तुमच्या हातात ठेवले होते आणि ते बेटरेजच्या गप्पांत कसे झाकले होते, हे एकेका ओळीत दिसू लागते. कोणताही महत्त्वाचा दुवा लपवलेला नाही याची खात्री इथेच पटते.

तुमच्या ओळखीच्या रहस्यप्रेमी माणसाला ही कादंबरी सुचवाल तेव्हा त्याला तीनच गोष्टी सांगा: प्रत पूर्ण घे, प्रस्तावना वाचू नको आणि अकराव्या प्रकरणापर्यंत धीर धर. त्याने वाचून पूर्ण केली की मग त्याची आणि तुमची वही शेजारी ठेवून नवव्या पायरीवरचे निकाल ताडून पाहा.